आधी दरी की आधी बँडगॅप? तीव्र टेराहर्ट्झ पल्स आणि अर्धवाहक

ऐरोलीच्या एका संशोधक विद्यार्थिनीने विचारलं आहे ते थोडक्यात असं. लिथियम नायोबेटच्या स्फटिकातून तयार केलेली, १ टेराहर्ट्झच्या (सेकंदाला १० चा १२ वा घात आवर्तनं) आसपासची तीव्र पल्स ती एन-डोप्ड (भेसळ घालून मोकळे इलेक्ट्रॉन वाढवलेल्या) गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या वेफरमधून, म्हणजे पातळ चकतीतून, पाठवते. पल्सचं विद्युतक्षेत्र वाढवलं की ट्रान्समिशन (पार जाणारा भाग) वाढतं. गाइड म्हणतात शोषण संपृक्त होतंय, म्हणजे मर्यादेपुढे वाढत नाहीये, लॅबमधला सीनियर म्हणतो वेफर तापतेय. तिला यातलं काहीच पटत नाही. १ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम ४.१ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि गॅलियम आर्सेनाइडचा बँडगॅप (बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळं करायला लागणारी ऊर्जा) १.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, मग साडेतीनशे फोटॉन एकदम गिळले जातात असं मानायचं का? शिवाय इंडियम अँटिमोनाइड या दुसऱ्या अर्धवाहकाच्या वेफरमधून काहीच सिग्नल येत नाही, ते का?

साडेतीनशे फोटॉनांचा हिशेब सोडून द्या. ८०० नॅनोमीटरच्या लेसरवर हात बसलेला प्रत्येक जण टेराहर्ट्झकडे आला की पहिल्यांदा इथेच अडखळतो, कारण फोटॉन मोजायची सवय अंगात भिनलेली असते. इथे मोजायचं ते विद्युतक्षेत्र, आणि ते एका दिशेला किती वेळ टिकतं तेवढा वेळ. १ टेराहर्ट्झचं एक आवर्तन म्हणजे १ पिकोसेकंद. त्यातला अर्धा पिकोसेकंद क्षेत्र इलेक्ट्रॉनला एकाच बाजूला ओढत असतं, आणि इलेक्ट्रॉनच्या जगात अर्धा पिकोसेकंद म्हणजे ऐसपैस वेळ.

आकडे घालून बघा. वेफरच्या आत १०० किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटर क्षेत्र आहे असं धरा. गॅलियम आर्सेनाइडच्या कंडक्शन बँडच्या (मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्याच्या) तळाशी इलेक्ट्रॉनचं प्रभावी (पदार्थाच्या आत जाणवणारं) वस्तुमान मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट, म्हणजे फारच हलकं. वाटेत कुठेही न धडकता तो पळाला, तर ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट कमवायला त्याला लागतात साधारण ५० फेमटोसेकंद. अर्ध्या आवर्तनाचा दहावा भाग! हेच पॉन्डरोमोटिव्ह ऊर्जेच्या, म्हणजे क्षेत्राबरोबर हेलकावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या सरासरी ऊर्जेच्या, भाषेत मांडलं तर ती क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे घटते. १ टेराहर्ट्झला, १०० किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटरला ती कागदावर सुमारे १.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, बँडगॅपपेक्षाही जास्त. तेवढंच क्षेत्र ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं असेल तर वारंवारता ३७५ टेराहर्ट्झ, आणि हीच ऊर्जा १.४ लाख पटींनी घसरते. केल्डिश या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये जो निकष दिला, तो या दोन टोकांमधलाच आहे. एका टोकाला फोटॉन मोजून भागतं, दुसऱ्या टोकाला क्षेत्र जवळजवळ स्थिर मानून टनेलिंगच्या (ऊर्जेच्या अडथळ्यातून आरपार निसटण्याच्या) भाषेत बोलावं लागतं. तुमचा प्रयोग दुसऱ्या टोकाकडे झुकलेला आहे.

अर्थात कागदावरचे ते १.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रत्यक्षात कुठलाच इलेक्ट्रॉन गाठत नाही. ऊर्जा ३६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की तो ऑप्टिकल फोनॉन (स्फटिकातल्या अणूंच्या कंपनाचे ऊर्जाकण) सोडायला लागतो. बँडही पॅराबोलाच्या आकाराचा राहत नाही, वर जाल तसं वस्तुमान वाढतं. आणि ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास त्याला वेगळीच वाट फुटते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या वाटेत आहे.

गॅलियम आर्सेनाइडच्या कंडक्शन बँडला एकच तळ नाही. मधली गॅमा दरी सगळ्यांत खोल, आणि तिच्यापासून साधारण ०.२९ इलेक्ट्रॉनव्होल्ट उंचीवर एल दऱ्या. एल दऱ्यांमध्ये वस्तुमान कितीतरी जास्त आणि बसायला जागाही भरपूर, त्यामुळे तेवढी ऊर्जा मिळालेला इलेक्ट्रॉन धडकेसरशी तिकडे फेकला जातो. तिथे गेला की तो सुस्तावतो, मोबिलिटी (क्षेत्रात पळण्याची सहजता) कोसळते. घोडबंदर रोडने सुसाट निघालेला दुचाकीस्वार गायमुखच्या चढाला कंटेनरांच्या रांगेत सापडावा, तसं. इलेक्ट्रॉनांची संख्या तेवढीच राहते, पण ते हलतात कमी. मुक्त वाहकांचं (मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं) शोषण त्यांच्या हलण्यावरच अवलंबून असल्याने वेफर जास्त पारदर्शक होते. हेच तुमचं वाढलेलं ट्रान्समिशन. फोटॉन गिळण्याचा यात संबंध नाही, नवे वाहकही तयार होत नाहीत. गाइडनी दिलेलं संपृक्त शोषण हे नाव चालेल, पण लेसरवाल्यांचं संपृक्त शोषण वेगळं असतं. तिथे वरची पातळी भरते. इथे काहीच भरत नाही.

हे भौतिकशास्त्र जुनंच आहे. गन या संशोधकाने १९६३ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्याला व्होल्टेज लावलं, तेव्हा काही किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटरच्या पुढे प्रवाह आपोआप हेलकावे घ्यायला लागला. त्यामागे हाच दरीबदल. या परिणामावर चालणाऱ्या गन डायोडमध्ये क्षेत्र कायम असतं म्हणून एवढ्यावर भागतं. टेराहर्ट्झ पल्समध्ये इलेक्ट्रॉनला ऊर्जा गोळा करायला पिकोसेकंदाचा अंशच मिळतो, म्हणून परिणाम ठळक दिसायला दहा-वीस किलोव्होल्टच्या वर जावं लागतं.

आता सीनियरचं तापणं. इलेक्ट्रॉन तापतात हे खरं, त्यांचं तापमान हजारो केल्विनच्या घरात जातं. पण वेफर तापत नाही. १ मायक्रोज्यूलची अख्खी पल्स १ मिलिमीटरच्या ठिपक्यात, अर्धा मिलिमीटर जाडीच्या वेफरमध्ये शोषली गेली असं धरलं, तरी जालकाचं (स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीचं) तापमान वाढतं ते एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. सेकंदाला हजार पल्स धरल्या तरी सरासरी पॉवर १ मिलीवॉट. एवढ्याने काही होत नाही, हे सीनियरला आकडेमोड दाखवून सांगा, वाद घालत बसू नका.

इथपर्यंतचं ऐकून खूश होऊ नका. तुम्ही पाठवलेल्या आलेखाकडे पाहिल्यावर माझ्या मनात पहिली शंका आली ती वेफरची नाही, डिटेक्टरची. तीव्र टेराहर्ट्झच्या कामात चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार फार चालतो. नॉनलिनिअर (क्षेत्राच्या प्रमाणात न वागणारा) असतो डिटेक्टरमधला झिंक टेल्युराइडचा स्फटिक, आणि पेपर लिहिला जातो गॅलियम आर्सेनाइडवर.

इलेक्ट्रो-ऑप्टिक सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे तुमचा डिटेक्टर ज्या पद्धतीने क्षेत्र मोजतो तिच्यात, काय होतं ते आठवा. टेराहर्ट्झचं क्षेत्र झिंक टेल्युराइडमध्ये द्विअपवर्तन (ध्रुवीकरणानुसार बदलणारा अपवर्तनांक) आणतं, ८०० नॅनोमीटरच्या प्रोबचं, म्हणजे मोजणाऱ्या लेसरकिरणाचं, ध्रुवीकरण त्यामुळे किंचित फिरतं, आणि वोलास्टन प्रिझमनंतरचे दोन फोटोडायोड त्यातला फरक मोजतात. हा फरक क्षेत्राच्या नव्हे, फेजच्या (ध्रुवीकरणाच्या दोन घटकांमध्ये पडलेल्या अंतराच्या) साइनच्या प्रमाणात असतो. छोट्या फेजला साइन आणि फेज एकच, म्हणून सगळे बिनधास्त राहतात. तुमचा स्फटिक १ मिलिमीटर जाडीचा आहे. इलेक्ट्रो-ऑप्टिक सहगुणक ४ पिकोमीटर प्रति व्होल्ट, अपवर्तनांक २.८५, आत शिरताना क्षेत्र जवळपास निम्मं, असं धरून बघा. ४५ किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटरच्या सुमारास फेज ९० अंशांना पोचते. त्याच्या पुढे क्षेत्र वाढलं तर सिग्नल कमी व्हायला लागतो! लॉक-इनच्या (सिग्नल गाळून मोजणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या) पडद्यावर पल्सचं मुख्य शिखर आधी सपाट होतं, मग मधोमध खळगा पडतो आणि एका शिखराच्या जागी दोन बुटकी शिंगं दिसतात. खळगा दिसला तर कुणालाही कळतं. घात होतो तो त्याच्या अलीकडे, शिखर नुसतं थोडं बसकं होतं तेव्हा.

आता हे तुमच्या मोजमापात कसं उतरतं बघा. वेफर काढून घेतलेलं रेफरन्स जोरदार असतं, ते डिटेक्टरमध्ये दबतं. वेफर लावून घेतलेलं सिग्नल मुळात दुबळं, ते फारसं दबत नाही. दोघांचा भागाकार केला की ट्रान्समिशन फुगतं, आणि क्षेत्र वाढवत न्याल तसं जास्त फुगतं. हुबेहूब संपृक्त शोषणाचा आलेख, वेफरने काहीही न करता.

उपाय स्वस्त आहे. नमुन्याच्या पुढे, डिटेक्टरच्या आधी, जास्त रोधकतेच्या सिलिकॉन वेफर लावा, १० किलोओहम सेंटीमीटरच्या वरच्या. एक वेफर क्षेत्र ०.७ पट करते, तीन लावल्या की ०.३४, चार लावल्या की ०.२४. ०.७ हे क्षेत्राचं प्रमाण आहे, तीव्रतेचं ०.४९, पुष्कळ जण हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात. नमुन्यावर पडणारं क्षेत्र तेच ठेवून सिलिकॉनची संख्या बदला. ट्रान्समिशनचा आकडा हलला नाही तर परिणाम वेफरचा. हलला तर डिटेक्टरचा. तरीही मन साशंक असेल तर झिंक टेल्युराइडऐवजी पातळ गॅलियम फॉस्फाइड लावा. त्याचा सहगुणक साधारण चौपट लहान आहे, सिग्नल घटेल पण विश्वास बसेल. ही चाचणी केल्याशिवाय मी कुणाचाही आलेख दुसऱ्यांदा बघत नाही.

क्षेत्र बदलायचं ते लेसरची पॉवर कमीजास्त करून नको. लिथियम नायोबेटमध्ये पंप (आत जाणारा लेसर) बदलला की पल्सचा आकार आणि स्पेक्ट्रमही बदलतो, मग फरक क्षेत्रामुळे पडला की स्पेक्ट्रममुळे ते देवालाच ठाऊक. दोन वायर-ग्रिड पोलरायझर वापरा. दुसरा स्थिर ठेवा, पहिला फिरवा, क्षेत्र कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे घटेल. ४५ अंशांना निम्मं.

आणि क्षेत्राचा आकडा सांगताना तो वेफरच्या बाहेरचा की आतला, हे लिहा. गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक ३.६ धरला तर आत पोचतं ते बाहेरच्या ०.४३ पट. बाहेर ३०० किलोव्होल्ट असले तर आत १३०. बाहेरचा आकडा ताडून पाहायला एक ढोबळ हिशेब जवळ ठेवावा: १ मायक्रोज्यूल ऊर्जा, १ मिलिमीटर व्यासाचा ठिपका, १ पिकोसेकंद कालावधी, यातून साधारण ३०० किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटर निघतात. इलेक्ट्रो-ऑप्टिकचा आकडा आणि उष्णतेवरून ऊर्जा मोजणाऱ्या पायरोडिटेक्टरचा आकडा यात दुपटीचा फरक चालतो, दसपटीचा नाही.

अजून एक चोर. लिथियम नायोबेटमधून उरलेला ८०० नॅनोमीटरचा प्रकाश विखरून पॅराबोलिक आरशांवरून थेट नमुन्यापर्यंत येतो. त्याच्या फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे गॅलियम आर्सेनाइडमध्ये वाहक तयार करायला पुरून उरणारी. काळ्या जाड पॉलिथिनचा तुकडा वाटेत धरा आणि निकाल बदलतो का पाहा. तिथे सिलिकॉनची फिल्टर लावू नका, तीच उजेडाने जागी होते, म्हणजे तिच्यातच वाहक तयार होतात.

आपल्या भागाचं म्हणून एक सांगायला हवं. ठाणे-बेलापूर रोडलगतच्या गाळ्यांमध्ये असली यंत्रं चालवणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये काय सोसावं लागतं ते तुम्हाला ऐरोलीत राहून माहीतच असेल. खाडीची हवा, बाहेर नव्वद टक्के आर्द्रता. पाण्याच्या वाफेच्या शोषणरेषा नेमक्या आपल्या पट्ट्यात येतात: ०.५५७, ०.७५२, १.०९७, १.१६३ टेराहर्ट्झ. मुख्य पल्स संपल्यावर पडद्यावर पंचवीस-तीस पिकोसेकंद जी थरथरती शेपटी दिसत राहते, ती नमुन्याची नव्हे, हवेतल्या पाण्याची. बॉक्स कोरड्या नायट्रोजनने भरून आत आर्द्रतामापक ठेवा आणि तो पाच टक्क्यांखाली आल्याशिवाय स्कॅन सुरू करू नका. वाफेच्या रेषा तुमच्या क्षेत्राला लिनिअरच असतात, त्यामुळे त्या एकट्या फसवत नाहीत. पण कमी क्षेत्राचं मोजमाप सकाळी आणि जास्त क्षेत्राचं संध्याकाळी घेतलंत, आणि मधल्या वेळात सिलिंडर संपत आला, तर तो फरक क्षेत्राच्या नावावर जमा होतो. म्हणून रेफरन्स आणि नमुना आलटून पालटून घ्यायचे, कंटाळा आला तरी. रस्त्यावरच्या कंटेनरांचा कंप एअर-लेगच्या टेबलावर बऱ्यापैकी मरतो. व्होल्टेजचा झटका मात्र मरत नाही, एका झटक्याला अॅम्प्लिफायरचं अलाइनमेंट सरकतं, तेव्हा चांगल्या यूपीएसच्या पैशांसाठी गाइडशी भांडायला हरकत नाही.

विश्लेषणातली एक खोड मोडायला हवी. लिनिअर प्रयोगात आपण दोन्ही पल्सचं फूरिये रूपांतर करतो, भागाकार करतो आणि त्यातून प्रत्येक वारंवारतेची वाहकता काढून ड्रूड मॉडेल (धडकत पळणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं साधं गणित) बसवतो. तीव्र पल्सला हे लागू नाही. पल्सच्या पुढच्या भागाने इलेक्ट्रॉन एल दरीत नेलेले असतात, मागचा भाग त्यामुळे वेगळ्याच पदार्थातून जातो. अशा वेळी भागाकारातून निघणारी वाहकता कोणत्याच क्षणाची नसते. एकूण पार गेलेली ऊर्जा, म्हणजे क्षेत्राच्या वर्गाचं काळावरचं संकलन, एवढंच निःशंकपणे सांगा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या वेफरमध्ये १२ पिकोसेकंदांनी पहिला प्रतिध्वनी येतो, संकलन त्याच्या अलीकडेच थांबवा.

आता इंडियम अँटिमोनाइड. सिग्नल येत नाही यात तुमची काही चूक नाही. त्याचा बँडगॅप खोलीच्या तापमानाला ०.१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, एवढा लहान की डोपिंग न करताही उष्णतेनेच घन सेंटीमीटरला सुमारे २ गुणिले १० चा १६ वा घात इतके इलेक्ट्रॉन वर आलेले असतात. वस्तुमान ०.०१४ पट. यातून प्लाझ्मा वारंवारता निघते २.७ टेराहर्ट्झच्या आसपास, आणि तिच्याखालच्या लहरींना हा पदार्थ धातूसारखा परतवतो. तुमची अख्खी पल्स तिच्या खाली आहे. (गॅलियम आर्सेनाइडमध्ये १० चा १६ वा घात डोपिंगला ही वारंवारता साधारण १ टेराहर्ट्झ येते, म्हणून तिथे निदान काहीतरी पार जातं.) इंडियम अँटिमोनाइड द्रव नायट्रोजनने ८० केल्विनपर्यंत थंड करा, उष्णतेने आलेले इलेक्ट्रॉन आटतील आणि वेफर बोलू लागेल. मात्र वेफर विकत घेताना डोपिंग कमी आहे ना, ते आधी विचारा. १० चा १४ वा घात किंवा त्याच्या आसपास.

थंड झाल्यावर जे दिसतं ते गॅलियम आर्सेनाइडच्या उलट. इथे बँडगॅप बुटका आणि बाजूच्या दऱ्या त्यामानाने उंच. इलेक्ट्रॉन दरीच्या उंचीला पोचण्याआधीच त्याच्याकडे बँडगॅपएवढी ऊर्जा साठते, तो व्हॅलन्स बँडमधल्या (बांधलेल्या) इलेक्ट्रॉनला धडक देऊन वर ढकलतो आणि एकाचे दोन होतात. हे इम्पॅक्ट आयनायझेशन. एमआयटीच्या गटाने २००९ मध्ये इंडियम अँटिमोनाइडवर टेराहर्ट्झ पंप-टेराहर्ट्झ प्रोब (तीव्र पल्सने हलवून मागून दुबळ्या पल्सने मोजायच्या) पद्धतीने हे नीट दाखवलं. म्हणजे कुठलाही नवा अर्धवाहक हातात आला की पहिला प्रश्न हा: पळणाऱ्या इलेक्ट्रॉनला आधी काय लागतं, बाजूची दरी की बँडगॅप? दरी आधी असेल तर मोबिलिटी पडून पारदर्शकता वाढेल, बँडगॅप आधी असेल तर वाहक वाढून ती घटेल. क्षेत्र पुरेसं वाढवलं तर गॅलियम आर्सेनाइडही दुसऱ्या गटात जाऊन बसतो. क्योटोमध्ये २०११ साली गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम विहिरींवर (अतिपातळ थरांवर) १ मेगाव्होल्ट प्रति सेंटीमीटरची पल्स टाकली, तेव्हा वाहक हजार पटींनी वाढले आणि नमुना चक्क चमकला.

याच्याही पुढे गेलात तर ब्लॉख दोलनं (बँडच्या टोकाला पोचून इलेक्ट्रॉनचं मागे-पुढे हेलकावणं) आणि उच्च हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतला प्रकाश) लागतात. रेगेन्सबुर्गच्या गटाने २०१४ मध्ये गॅलियम सेलेनाइडवर ७२ मेगाव्होल्ट प्रति सेंटीमीटर लावून ती दाखवली, पण ते ३० टेराहर्ट्झच्या पल्सने. तुमच्या लिथियम नायोबेटच्या मांडणीतून ते व्हायचं नाही, त्यात वेळ घालवू नका.

एकाच पल्सने मोजलेल्या ट्रान्समिशनमध्ये इंडियम अँटिमोनाइडच्या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात. सुरुवातीला बँडच्या वाकडेपणामुळे वस्तुमान वाढून पारदर्शकता थोडी वाढते, मागून वाहक वाढून ती पडते, आणि तुम्हाला दिसते ती दोघांची बेरीज. क्षेत्राच्या अक्षावर कितीही बिंदू घेतलेत तरी ही गुंतागुंत सुटणार नाही. काळाच्या अक्षावर या. पंपापेक्षा शंभर पटींनी दुबळा टेराहर्ट्झ प्रोब मागून पाठवा, दोन्ही वाटांवर वेगवेगळ्या वारंवारतेचे चॉपर (किरण तोडणाऱ्या फिरत्या चकत्या) ठेवा, म्हणजे पंपाचा विखुरलेला भाग लॉक-इनमध्ये घुसणार नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये वाढलेली पारदर्शकता दोन-तीन पिकोसेकंदांत उतरायला लागलेली दिसेल, कारण इलेक्ट्रॉन एल दरीतून परत गॅमात येतात. इंडियम अँटिमोनाइडमध्ये शोषण काही पिकोसेकंद चढत जाईल आणि वीस पिकोसेकंदांनीही तिथेच असेल, कारण जन्मलेले वाहक इतक्यात मरत नाहीत. या दोन आलेखांवरून गाइड आणि सीनियर दोघांशीही बोलता येईल.

क्रायोस्टॅटच्या (वेफर थंड ठेवणाऱ्या पेटीच्या) खिडक्या टीपीएक्सच्या घ्या. ते प्लास्टिक टेराहर्ट्झलाही पारदर्शक आणि डोळ्यालाही, त्यामुळे अलाइनमेंट सोपं जातं. जाड क्वार्ट्झची खिडकी स्वतःचे प्रतिध्वनी पाठवत बसते. आणि निदान सप्टेंबर संपेपर्यंत खिडक्यांच्या बाहेरूनही कोरड्या नायट्रोजनचा झोत सोडून ठेवा, नाहीतर थंड खिडकीवर धरलेलं दव तुम्ही अर्धा दिवस नॉनलिनिअर शोषण म्हणून मोजाल.